आधी कोड वाच, मग रड

रात्री साडेबाराला आलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. "काका माझे 97.4 आणि तिचे 95.9, तरी कॉम्प्युटर तिला, मग दोन वर्षं मी घासली कशाला?" म्हणजे इंजिनिअरिंगच्या सीईटीत पर्सेंटाइल तुझं जास्त, तरी पुण्याच्या कॉलेजातली कॉम्प्युटरची सीट तुझ्या मैत्रिणीला. लगेच उत्तर दिलं नाही कारण हे दोन ओळीत होणारं काम नव्हतं, आणि खरं सांगू का, मला जरा रागही आला होता. हुशार आहेस, पुढे सगळं चांगलं होईल वगैरे मी लिहिणार नाहीये, ते नातेवाईकांनी सांगून झालं असेल.

मला एवढंच सांग, कटऑफची पीडीएफ उघडलीस का? ग्रुपवर फिरणारा स्क्रीनशॉट नाही, सीईटी सेलच्या, म्हणजे ही प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवरची आख्खी पीडीएफ. त्यात प्रत्येक ब्रँचखाली कोड असतात, जीओपीईएनएच, जीओपीईएनओ, एलओपीईएनएच असे. पहिलं अक्षर जी असलं तर जनरल, एल असलं तर मुलींची राखीव सीट, मधे कॅटेगरी, इथे ओपन, आणि शेवटचं अक्षर, ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, ते एच, ओ नाहीतर एस. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे आख्खं राज्य एका यादीत. आणि महाराष्ट्रात दहावी-बारावी केलेल्यांचं होम ठरतं ते बारावी कुठल्या गावच्या कॉलेजातून केली त्यावर, आधार कार्डावरच्या पत्त्यावर नाही. दहावीपर्यंत तुम्ही दोघी एका वर्गात होतात. ती अकरावीला पुण्याला मावशीकडे गेली, तू लातूरलाच राहिलीस. म्हणजे पुण्याच्या त्या कॉलेजसाठी ती एच, तू ओ. तिथे 70 टक्के सीटा एचच्या, 30 टक्के ओच्या, आणि ओच्या रांगेत पुणे विद्यापीठाची हद्द सोडून सगळ्या महाराष्ट्रातली तुझ्यासारखीच पोरं उभी. तिने तुझी सीट घेतलीच नाही गं, तुमची रांगच वेगळी होती. गंमत बघ, बारावीसाठी लांबलांबची पोरं रूम करून आपल्या लातूरला येतात, आणि इथेच शिकलीस म्हणून तू ओमधे गेलीस.

तुझा राग खोटा आहे असं मी म्हणत नाहीये. चार लाख पोरं परीक्षेला बसली असं धरलं तर दीड पर्सेंटाइल म्हणजे सहा हजार पोरांचं अंतर झालं, ते डोळ्यासमोर दिसत असताना शांत बस म्हणणारा माणूस मूर्ख. आणि माझं स्वतःचं मत विचारशील तर हा नियम मराठवाड्याच्या पोरांना जाचकच आहे, कारण ज्या कॉलेजांसाठी सगळे धडपडतात त्यातली बरीचशी पुण्या-मुंबईकडे. नांदेड विद्यापीठाच्या हद्दीत तू एच आणि ती ओ, हिशोब बरोबर, पण ही बरोबरी कागदावरचीच.

पण जाचक नियम आणि फसवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुझे मामा दोन्हीची खिचडी करतात. "सगळं सेटिंग असतं." कुठे असतं? कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या, कुठल्या राऊंडला, कुठल्या कोडला? मॅनेजमेंट कोट्याच्या सीटा वेगळ्या, त्या कॅपमधून येतच नाहीत. सेटिंग म्हणलं की एक बरं असतं, काही वाचावं लागत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, आधी कोड वाच. नियम मोडला असेल तर तक्रार करता येते, त्याला तारीख असते, पोच असते. नियमच वाईट असेल तर तो बदलायला वेगळं भांडावं लागतं, आणि असे नियम बदलतात. मेडिकलला 70:30 चा विभागवार कोटा होता ना, मराठवाड्यातून किती वर्षं ओरड चालली होती, 2020 च्या सप्टेंबरमध्ये तो रद्द झाला, आणि घोषणा केली ती तेव्हाचे वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुखांनी, म्हणजे आपल्याच लातूरच्या आमदारांनी. 2025 च्या सीईटीत 27 एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला गणिताचे 21 प्रश्न चुकीचे निघाले, पोरांनी नेमके प्रश्न दाखवून तक्रारी केल्या, 5 मे ला त्या पोरांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. "सेटिंग आहे" एवढंच ओरडून हे झालं असतं का?

माझ्या वेळी हे ऑनलाइन काही नव्हतं. खिडकीसमोर उभं राहायचं. आतला माणूस मान वर न करता म्हणाला, तुमचा नंबर होऊन गेला, आणि आमचे अण्णा "बरं साहेब" म्हणून मागे फिरले. कुठल्या यादीत गेला, कधी गेला, कागद दाखवा, हे विचारायची त्यांची टाप नव्हती आणि माझं तर वयच ते. कदाचित खरंच होऊन गेला असेल नंबर. पण मला ते आजपर्यंत कळलेलं नाही, आणि ते न कळणं जे टोचतं ना, तेवढं सीट जाणं टोचत नाही. तुझी आई परवा म्हणाली, सरांना कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून ते सिव्हिलचं गुणगान करतात. तसं नाहीये. मी सिव्हिल शिकवतो, मला ते आवडतं, आणि हे मी कोणाची समजूत काढायला सांगत नाही. असो.

तेव्हापासून कागद बघितल्याशिवाय मी हलत नाही. दर उन्हाळ्यात आमच्या पॉलिटेक्निकच्या सुविधा केंद्रावर कागदपत्रं तपासायला बसतो तेव्हा हेच दिसतं. नॉन क्रिमीलेयर नाहीतर जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी मुदतीत आली नाही की पोरगं ओपनमधे जातं. बाप रडकुंडीला येतो, पोरगं दुसऱ्या पोरांना शिव्या देतं, आणि मुदत छापलेली माहितीपुस्तिका पिशवीत तशीच, न उघडलेली. मला दया येते आणि चीडही येते, दोन्ही एकदम.

आता तुझं. तिसरा राऊंड बाकी आहे, ड्रॉप घ्यायची भाषा आत्ता करू नकोस, आधी हातातलं बघ. तुला नवव्या ऑप्शनला ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम, मिळालंय, बेटरमेंट केलंयस, म्हणजे वरचं काही मिळालं तर हे जाणार आणि नाही मिळालं तर हे राहणार. 2025 पासून पहिल्या राऊंडला पहिला ऑप्शन, दुसऱ्याला पहिले तीन, तिसऱ्याला पहिले सहा यातलं मिळालं की ऑटोफ्रीझ, पुढे पर्याय नाही. म्हणून पहिल्या सहात फक्त तेच टाक जिथे तू खरंच जाशील. बाबांना लोकांना सांगायला बरं वाटेल असं एकही नको. आणि कॅफेवाला म्हणतो तसं "मिळेल तेच वर टाका" करू नकोस. वर मोठं कॉलेज टाकल्याने खालचं हुकत नाही, मशीन तुझ्या मेरिट नंबरवर वरून खाली बघत येतं आणि जिथे बसतं तिथे थांबतं. प्रत्येक कॉलेजसमोर तुझा कोड कुठला, एच की ओ की एस, ते पेनने लिही. पुण्याला ओ आहेस हे मान्य करून यादी केलीस तर एस आणि एचची कॉलेजं तुझी तुलाच दिसायला लागतील.

आणि तिला मेसेज कर. तिने काय केलंय तुझं? मावशीकडे राहायला गेली, बस.

रविवारी सकाळी ये. दोन्ही राऊंडच्या कटऑफ पीडीएफ, स्कोअरकार्ड, अलॉटमेंट लेटर घेऊन ये, प्रिंट काढून, मोबाइलवर मला दिसत नाही. मामांना आणू नकोस.