कंबरमोडीचा अर्क जखमेवर लावावा का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना शुगर आहे, तळपायाची जखम तीन आठवड्यांपासून भरत नाही, तर कंबरमोडीचा अर्क घरी काढून लावला तर चालेल का. या जखमेवर नका लावू जी.

कंबरमोडीशी माझं वैर नाही. कोणी तिला एकदांडी म्हणतं, कोणी दगडीपाला. अंबाझरीकडच्या मैदानावर गुडघे फुटले की आम्ही हाच पाला चोळून रस पिळायचो. (आपण तिला अस्सल गावठी समजतो, पण ती मूळची अमेरिका खंडातली.) पुढे एम.फार्मला मी तिचाच अर्क काढला. पानं सावलीत वाळवायची, आणि नागपूरच्या मे महिन्यात ती सावलीतही कुरकुरीत होतात. मग भुकटी सॉक्सलेट नावाच्या अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात अल्कोहोलसोबत तासन्‌तास ठेवायची आणि शेवटी अल्कोहोल उडवून टाकायचं. उरतो तो डांबरासारखा हिरवट-काळा चिकटा. त्याचं मोजूनमापून मलम करायचं. तळहातावर पिळलेला रस म्हणजे हे नव्हे. त्या रसात किती औषध आहे ते कळत नाही, आणि पाल्यासोबत माती आली तर धनुर्वाताचे जंतूही येऊ शकतात.

मलम लावलेल्या उंदरांच्या जखमा भराभर मिटल्या. मी खूश! सरांनी एवढंच विचारलं, "उंदराची कातडी सैल असते, जखम आकसूनच बंद होते. माणसाच्या तळपायाला ही सोय आहे का?" माझी बोलतीच बंद झाली. तेव्हापासून ‘अर्काने जखम इतक्या दिवसांत भरली’ असं वाचलं की मी आधी कोणाची जखम ते बघतो.

माणसांवर कधी उलटंही होतं. 1991 मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमांवर कोरफडीचं जेल लावून पाहिलं. नेहमीच्या उपचाराने सरासरी 53 दिवस लागले, कोरफड लावलेल्यांना 83. आणि जखम भरायला हळद वापरण्यावरच्या अमेरिकेतल्या पेटंटचा दाखला कोणी देईलच. ते 1997 मध्ये रद्द झालं ते हळदीचा हा वापर जुनाच आहे हे दाखवल्यामुळे. ती किती गुणकारी आहे याचा निकाल तिथे लागलाच नव्हता.

वडिलांची जखम अडली आहे ती बहुतेक वरून काही लावलं नाही म्हणून नाही. शुगरमुळे पायाची जाणीव कमी होते, कधी रक्तपुरवठाही. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. रक्तपुरवठा आणि पायावरचा भार या दोन गोष्टी कोणत्याही पाल्याने सुटत नाहीत.

किरकोळ खरचटलं असेल तर साबण-पाण्याने धुऊन झाकून ठेवा, पुरे. पण ही जखम उद्याच मेडिकल नाहीतर मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाच्या सर्जरी ओपीडीत दाखवा. शुगरचे रिपोर्ट न्या, आणि वडील रोज घालतात ती चप्पलही. पुष्कळदा जखमेचं कारण तिच्यातच सापडतं.