कातडीला वास कळतो का?

प्रश्न : माणसाच्या कातडीतही वास ओळखणारी यंत्रणा असते आणि चंदनाने जखम लवकर भरते, असं वाचलं. आमच्या धुऱ्यावर चंदनाची झाडं आहेत. निंदताना विळा लागला तर सहाणेवर उगाळून लावावं का? (एक वाचक, आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : उघड्या जखमेवर लावू नका. तुम्ही वाचलं त्यात तथ्य आहे, पण तो प्रयोग उगाळलेल्या चंदनावर झालेला नव्हता.

नाकातल्या गंधग्राहींची (वासाचे रेणू ओळखणाऱ्या प्रथिनांची) जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या शास्त्रज्ञांनी 1991 मध्ये शोधली आणि 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात अशी सुमारे 400 जनुकं चालू स्थितीत आहेत. 1992 मध्येच हे ग्राही वृषणातही असल्याचं दिसलं. पुढे मूत्रपिंड, प्रोस्टेट, आतडी, कातडी इथेही सापडले. नाकातून मेंदूकडे निरोप जातो, म्हणून आपल्याला वास 'येतो'. कातडीत तसं काही होत नाही. ठरावीक रेणू ग्राहीला चिकटला की त्या पेशीत कॅल्शियम वाढतं आणि तिची वागणूक बदलते, एवढंच.

2014 मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी कातडीतला 'ओआर2एटी4' हा ग्राही तपासला. त्यांनी वापरलं ते 'सँडलोर', म्हणजे कारखान्यात बनवलेलं, चंदनासारख्या वासाचं रसायन. पाच दिवसांत पेशींची वाढ 32 टक्क्यांनी आणि त्यांचं सरकणं (जखम भरताना पेशी असंच सरकतात) जवळपास 50 टक्क्यांनी वाढलं. पण हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत, आणि नाकाला वास यायला लागतं त्याच्या कितीतरी पट जास्त मात्रेत. नुसता वास घेऊन जखमेला काही मिळत नाही.

सहाणेवरच्या गंधात दगडाची कीस, साधं पाणी आणि जंतू येतात. ते वाळून खपली धरतं, खाली पू झाला तरी दिसत नाही, आणि काढताना नवी कातडी सोबत निघते. चंदनाच्या तेलाने काहींना पुरळही उठतं. त्यापेक्षा स्वच्छ फडक्याने 10 मिनिटं न उचलता दाबून धरा. रक्त थांबलं की पिण्याच्या पाण्याच्या धारेखाली माती निघेपर्यंत धुवा, कोरडी पट्टी बांधा. जखम खोल असेल, कडा उघड्या राहत असतील किंवा बोट वाकत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. माती-शेण लागलेली जखम असेल आणि धनुर्वाताची शेवटची सुई 5 वर्षांपूर्वीची किंवा त्याहून जुनी असेल, तर तीही घ्या.

प्रश्न : मग पोटालाही वास कळतो का? पोट दुखलं की आमच्याकडे अमृतधारा देतात. (एक वाचक, चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : आतड्याच्या काही पेशींत गंधग्राही आहेत. 2007 च्या एका अभ्यासात थायमॉल (ओव्याचा मुख्य वास) आणि युजेनॉल (लवंगेचा) यांनी अशा पेशींतून सेरोटोनिन हे रसायन बाहेर पडलं. आतड्याची हालचाल ठरवण्यात सेरोटोनिनचा मोठा वाटा असतो. म्हणजे ओव्याला आतडं दाद देतं, हे पटण्यासारखं आहे; पण त्याने पोटदुखी थांबते, हे त्या अभ्यासाने दाखवलेलं नाही. चिमूटभर ओवा चावून कोमट पाणी प्यायला मोठ्या माणसाला हरकत नाही.

अमृतधारेची गोष्ट वेगळी. ओवाफूल, पुदिनाफूल आणि कापूर हे तीन कोरडे खडे एकत्र ठेवले की आपोआप पातळ होतात. ओवाफूल म्हणजे जवळपास शुद्ध थायमॉल. पाण्यात नीट मिसळत नाही, वर तरंगतं आणि तोंड, अन्ननलिका भाजतं. कापूर त्याहून वाईट : लहान मुलाच्या पोटात थोडा गेला तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. मुलांना एक थेंबही देऊ नका, बाटली फडताळात उंच ठेवा. चुकून प्यायलंच तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन थेट दवाखान्यात न्या.

प्रश्न : कातडीत ग्राही आहेत, तर पराटीवर (कपाशीवर) फवारताना अंगावर औषध उडालं की कातडी सावध करेल का? (एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : नाही. आणि नाकावरही विसंबू नका. थोड्या वेळात त्याला त्या वासाची सवय होते, विष मात्र कातडीतून आत जातच राहतं. पंप गळून पाठ ओली झाली की तिथेच थांबा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा. घाम, लाळ, डोळ्यांपुढे धूसर, बाहुल्या बारीक, यातलं काही दिसलं तर औषधाच्या डब्यावरचं लेबल घेऊन लगेच दवाखान्यात जा.