विणकामाचे प्रश्न : क्रोशाचे पहिले टाके

या महिन्यात क्रोशाविषयी आलेली बहुतेक पत्रे नुकतीच सुई हाती घेतलेल्या वाचकांची आहेत. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी चौघांचीही अडचण बोटांपेक्षा नजरेची अधिक आहे, असे मला वाटते. विणलेला टाका ओळखता येऊ लागला की हात आपोआप वळणावर येतो.

प्रश्न : आजीच्या पेटीत क्रोशाची एक बारीक पोलादी सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा सापडला. तिने विणलेला चौरंगावरचा रुमाल आमच्याकडे अजून आहे. त्याच सुईने तसाच रुमाल विणत शिकावे, अशी इच्छा आहे. चालेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपली इच्छा मला मनापासून आवडली, परंतु सुरुवात मात्र त्या सुईने करू नका. रुमालासाठी वापरल्या जाणाऱ्या पोलादी सुया बहुधा दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात आणि त्यांवर विणलेला टाका इतका लहान असतो की, सुई नेमकी कोठे घालायची हे नवख्या डोळ्यांना कळतच नाही. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या ज्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती अशाच बारीक दोऱ्याची असते. त्या सफाईमागे वर्षानुवर्षांचा सराव असतो.

आपण ४ किंवा ४.५ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सुई घ्या. हा आकडा सुईवर अंगठा टेकवण्याच्या चपट्या जागी कोरलेला असतो. तिच्याबरोबर मध्यम जाडीची, गुळगुळीत पिळाची आणि फिकट रंगाची लोकर घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, तर केसाळ लोकर उसवताना एकमेकींत गुंतून बसते. सुई लेखणीसारखी धरायची की भाजी चिरण्याच्या सुरीसारखी, यावरून कोणी वाद घातला तर लक्ष देऊ नका. दोन्ही पद्धती रूढ आहेत, ज्या पद्धतीत मनगट दुखत नाही ती आपली.

आजीची सुई जपून ठेवा. लोकरीवर साखळी (एकातून एक ओढलेले साधे फास), मुका खांब (आखूड टाका) आणि खांब (उंच टाका) हे तीन टाके न पाहता जमू लागले की एकदम त्या सुईकडे न जाता, मधली पायरी म्हणून अडीच मिलिमीटरची सुई आणि जाड सुती दोरा घ्या आणि मगच रुमालाला हात घाला.

प्रश्न : मी मफलर विणत आहे. वीस खांबांनी सुरुवात केली होती. वीतभर विणून झाल्यावर मोजले तर चौदाच उरले आहेत आणि मफलरीचा त्रिकोण झाला आहे. मध्ये कोठेही टाका सुटल्याचे दिसत नाही. चूक कोठे होत असावी? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मध्ये टाका सुटलेला नसणार, तो कडेला सुटतो आहे. नवख्यांच्या या सर्वांत मोठ्या अडचणीचे कारण क्वचितच कोणी नीट समजावून सांगते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

खांबांची ओळ संपली की काम उलटे फिरवून आपण तीन साखळ्या घालतो. या तीन साखळ्यांची उंची एका खांबाएवढी असते, म्हणून त्यांनाच नव्या ओळीचा पहिला खांब मानतात. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, ओळीतला पुढचा खांब या साखळ्यांच्या बुडाशी असलेल्या टाक्यात न घालता त्याच्या शेजारच्या टाक्यात घालायचा असतो. चुकून बुडाशीच घातला तर ओळीत एक खांब वाढतो. दुसरा परिणाम म्हणजे, ओळीचा शेवटचा खांब मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत घालावा लागतो. ती साखळी कडेला कलंडलेली असते, टाक्यासारखी दिसत नाही आणि म्हणून सुटते. प्रत्येक ओळीत एकच खांब सुटला तरी सहा ओळींत विसाचे चौदा होतात. आपले गणित अगदी असेच जुळते आहे.

उपाय सोपा आहे. तीन साखळ्या घातल्याबरोबर तिसऱ्या साखळीत एक लहान सेफ्टी पिन अडकवा. पुढच्या ओळीच्या शेवटी पिन दिसली की तेथे खांब घालायचा आणि पिन काढून नव्या साखळीत लावायची. सात-आठ ओळींनंतर पिनेवाचूनही ती साखळी ओळखू येईल. मुक्या खांबाच्या ओळीत मात्र वळणाची एकच साखळी असते आणि ती सहसा टाका म्हणून मोजत नाहीत; तेथे पहिला टाका पहिल्याच टाक्यात घालायचा.

प्रत्येक ओळ संपल्यावर टाके मोजा. विणीच्या वरच्या कडेकडे पाहिले की एक आडवी वेणी दिसते. तिची एकेक कडी म्हणजे एकेक टाका. सुईवर असलेला फास मोजायचा नाही, तसेच सुरुवातीची गाठही मोजायची नाही. माझ्या आईने मला शिकवताना पहिला महिनाभर प्रत्येक ओळ मोठ्याने मोजायला लावली होती आणि आजही एखादी लांबलचक वीण हाती घेतली की मी मोजूनच पुढे जाते.

वीस खांबांसाठी पाया बावीस साखळ्यांचा घ्या आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घाला. सुटलेल्या तीन साखळ्या आणि पुढचे एकोणीस खांब मिळून वीस होतात. पायाच्या साखळ्या घट्ट झाल्या तर खालची कड आवळते आणि वीण पंख्यासारखी वर पसरते. तसे होत असेल तर फक्त पाया अर्ध्या मिलिमीटरने मोठ्या सुईवर घालावा.

आता विणलेले उसवावे लागेल. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर उघडे असतात, त्यामुळे उसवताना ते निसटण्याची भीती असते. क्रोशात उघडा फास एकच असतो. सुई काढून लोकर हळूहळू ओढत चला आणि वीस खांब पूर्ण असलेली ओळ दिसली की फासात पुन्हा सुई घाला.

प्रश्न : ताटाखाली ठेवण्यासाठी गोल आसन विणायला घेतले. पहिल्या वेळी त्याची वाटी झाली; म्हणून दुसऱ्या वेळी टाके वाढवले, तर कडेला झालर आली. सपाट गोल कसा करावा? शिवाय व्हिडिओमध्ये सांगितलेला टाका आणि पुस्तकातला टाका जुळत नाही, तो का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : गोल सपाट राहण्यासाठी प्रत्येक फेरीत ठरावीक टाके वाढावे लागतात. खांबांच्या विणीत साधारणपणे प्रत्येक फेरीला बारा खांब वाढवतात. पहिल्या फेरीत बारा, दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन म्हणजे चोवीस, तिसऱ्या फेरीत एकात एक आणि पुढच्यात दोन अशा क्रमाने छत्तीस, चौथ्या फेरीत दोन टाक्यांत एकेक आणि तिसऱ्यात दोन अशा क्रमाने अठ्ठेचाळीस. मुका खांब उंचीने लहान असतो, म्हणून त्याच्या विणीत वाढ सहाचीच ठेवतात. वाढ कमी पडली की कड आवळून वाटी होते आणि जास्त झाली की कडेला जागा न मावल्याने झालर येते. लाटलेल्या पोळीची कड जशी तव्यावर सपाट बसली पाहिजे, तसा प्रत्येक फेरीनंतर गोल टेबलावर ठेवून पाहा. दोष एका फेरीत दिसला तर एकच फेरी उसवावी लागते.

आपल्या झालरीविषयी एक गोष्ट आवर्जून सांगते. १९९७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिना या लाटव्हियन गणितज्ञ स्त्रीने अशीच सतत टाके वाढवत नेलेली क्रोशाची वीण वापरून हायपरबोलिक भूमितीतील, म्हणजे कडेकडे झालरीसारखा पसरत जाणारा, पृष्ठभाग हातात धरता येईल असा करून दाखवला. आपण जी चूक समजलात, ती जाणीवपूर्वक केली तर गणित शिकवते, हे मला फार सुंदर वाटते.

टाक्यांच्या नावांतील गोंधळ अमेरिकी आणि ब्रिटिश पद्धतींमुळे होतो. आपला मुका खांब म्हणजे अमेरिकी सिंगल क्रोशे. ब्रिटिश पुस्तकात त्यालाच डबल क्रोशे म्हणतात. आपला खांब अमेरिकेत डबल क्रोशे आणि ब्रिटनमध्ये ट्रेबल. ब्रिटिश पद्धतीत सिंगल क्रोशे हे नावच नाही, त्यामुळे कृतीत ते दिसले की ती अमेरिकी समजावी.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी डावखुरी आहे. तिला शिकवताना माझाच गोंधळ उडतो. तिला उजव्या हाताची सवय लावावी का? — एक पालक, बेळगाव

उत्तर : मुळीच लावू नये. तिची सुई डाव्या हातात आणि लोकर उजव्या हातात राहू द्या; तिची ओळ डावीकडून उजवीकडे जाईल, एवढाच फरक आहे. शिकवताना तिला शेजारी न बसवता समोरासमोर बसवा. आपला उजवा हात तिला आरशातल्या डाव्या हातासारखा दिसेल आणि ती तसाच हात चालवू शकेल. वेगळी सुई लागत नाही. साध्या ओळींच्या आणि गोलाच्या कृतीही तिला जशाच्या तशा चालतात. फक्त अक्षरे किंवा चित्र विणायचे असेल तेव्हा ते उलटे उमटेल, म्हणून अशा वेळी नमुन्याचा चौकटींचा आलेख उलट्या बाजूने वाचायला सांगा.