तहान लागत नव्हती, असं सांगितलंत ना?

पत्र (जरा आटोपशीर करून):

‘मी ६७ वर्षांची. मूळची सांगलीची. यजमान गेल्यापासून दर वर्षी काही महिने मुलाकडे फिनिक्सला, ॲरिझोनात येते. इथे ऑक्टोबरात शाळांना सुट्टी असते. तेव्हा मुलगा, सून आणि नातू वाळवंटात तंबू ठोकून राहतात. मागच्या वर्षी मीही गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी चालताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडले. हॉस्पिटल झालं, सलाईन झालं, हृदयाच्या तपासण्या झाल्या. पाणी पीत होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, तहानच लागत नव्हती. खरं तर मी मुद्दाम पीत नव्हते. मला रात्री तीनदा उठावं लागतं. तिथे संडासच नव्हता. मुलगा म्हणाला होता, फावडं घे आणि झुडपाआड जा. त्या काळोखात? बीपीची गोळीही मी रात्रीच घेते. आता मुलाला वाटतंय, आईचं हृदय कमजोर आहे. यंदा ते आठवडाभर मला त्याच्या मित्राच्या आईवडिलांकडे ठेवणार आहेत. मीही बोलून गेले, नाहीतरी मला ते रखरखीत आवडत नाही. त्यावर ९ वर्षांचा नातू गप्प बसला. दोन दिवसांनी म्हणाला, “आजी, तुला वाळवंट आवडत नाही की आम्ही?” काय करू?’

ताई,

जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर समच्या वाळूच्या टेकड्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिथे तंबूत राहिलो होतो आणि दुपारी चारनंतर मी पाण्याचा घोट घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी जैसलमेरात, पटव्यांच्या हवेलीचा जिना चढताना भिंत धरून खालीच बसले. ‘ऊन बाधलं,’ असं सगळ्यांना सांगितलं. नोव्हेंबर होता आणि माझ्या अंगात स्वेटर होता. तरी कुणी काही विचारलं नाही.

त्यामुळे तुमचं ‘तहानच लागत नव्हती’ मी बरोबर ओळखलं. हे शिक्षण आपण एसटीत घेतलंय. थांब्यावरचा तो संडास डोळ्यांसमोर येतो, म्हणून निघताना अर्धाच कप चहा. लग्नात शालू नेसला की पाणी बंद. चाळीस वर्षं निभावलं, तेव्हा चार दिवस तंबूत काय कठीण, असं वाटतं.

पण सांगलीची हवा वेगळी. ऑक्टोबर हीटमध्ये ब्लाऊज पाठीला चिकटतो आणि घाम गेलेला कळतो. ॲरिझोनात हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आतच उडून जातो. अंग कोरडं, ऊन सोसवेल असं, आणि पाणी मात्र गुपचूप चाललेलं. शिवाय आपल्या वयात तहानेची जाणीव मंदावते, म्हणजे तुम्ही डॉक्टरांना जे सांगितलंत ते निम्मं खरंही असेल. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, तुमची त्यातली असेल तर आत येणारं पाणी बंद आणि बाहेर जाणारं जोरात. तिसऱ्या दिवशी पडलात यात नवल नाही, दोन दिवस टिकलात याचंच आहे.

वाळवंटाला उगाच बोल लावू नका. २०२३च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा रोज ४३ अंशांच्या वर गेला होता. तशात तुम्हाला कुणी तंबूत नेलं असतं तर मीच मुलाला दोन शब्द सुनावले असते. ऑक्टोबर सरत आला की ॲरिझोनातल्याच टुसॉन शहराच्या बाजूला दुपारी तिशीच्या आसपास आणि पहाटे पंधराच्या आसपास असतं. तिकडच्या लोकांची बाहेर पडायची हीच वेळ, आपल्याकडे पाऊस सरल्यावर गडावर जातात तशी.

आता पहिलं काम डॉक्टरांचं. ‘पडले तेव्हा मी मुद्दाम पाणी पीत नव्हते,’ हे एक वाक्य त्यांना सांगायचं आहे. ते माहीत नसल्यामुळेच ते तुमच्या हृदयात कारण शोधत बसले. त्याच भेटीत रात्री तीनदा उठण्याचंही सांगा. आपण त्याला वय म्हणतो आणि सोडून देतो, पण त्यामागे साखर असू शकते, संसर्ग असू शकतो, गोळीची वेळही असू शकते. ती सकाळी घेतली तर चालेल का, एवढंच विचारा. स्वतःच्या मनाने वेळ बदलू नका, बंद तर मुळीच करू नका. हसताना-खोकताना थेंब जात असतील (पत्रात नाही, पण मी विचारते) तर त्यासाठी व्यायाम असतात आणि त्यांचा उपयोग होतो.

दुसरं काम सुनेचं. मुलाला थेट सांगायची लाज वाटते, हे मला समजतं. तो ऐकून घेईल, फोनवर काहीतरी शोधेल आणि दुसऱ्या दिवशी घरात तीन खोकी येऊन पडतील. सुनेला मात्र साधं विचारा, ‘रात्री तू काय करतेस गं?’ तीही बाई आहे, तीही त्याच झुडपाआड जाते. तिलाही ते आवडत नसेल आणि तीही कुणाला बोलली नसेल, अशी मला बरीच शंका आहे. तुमच्या पत्रात सुनेबद्दल वाकडा शब्द नाही म्हणून हे सुचवतेय. असता, तर दुसरं काही सांगितलं असतं.

मग जागा. तुमच्या वर्णनावरून मागच्या वर्षी मुलाने मोकळ्या सरकारी जमिनीवर तंबू लावला असावा. तिथे पैसे पडत नाहीत, शेजार नसतो आणि सोयही काही नसते. तरुणांना त्यातच मौज वाटते, वाटू दे. पण फिनिक्सहून तासाभराच्या आत, सुपरस्टिशन डोंगराच्या पायथ्याशी लॉस्ट डचमन नावाचं राज्य उद्यान आहे आणि टुसॉनच्या उत्तरेला कॅटलिना. दोन्हीकडे फ्लशचे संडास आहेत, अंघोळीला गरम पाणी आहे, आणि तंबूच्या दाराशी तेच वाळवंट. संडासाजवळची जागा निवडायला सांगा. तिथे रात्री पावलांची ये-जा असते म्हणून इतर लोक ती टाळतात, तुम्हाला नेमकी तीच हवी.

तरीही मुलाला आडरानातच जायचं असेल, तर झाकणाची बादली-कम-कमोड मिळते आणि ती ठेवायला उभा, अरुंद तंबूही मिळतो. तुमच्या तंबूपासून दहा पावलांवर लावायचा. वाट दाखवायला डोक्याला बांधायचा दिवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. पायात बंद बूट, आणि ते झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. विंचू तिकडेही आहेत, त्यातल्या झाडाच्या सालीत लपणाऱ्या ‘बार्क’ विंचवाचा डंख चांगलाच झोंबतो. अर्थात कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर महाडला डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी आयुष्य घालवलं, त्या मुलखाच्या शेजारच्या आपण, आपल्याला विंचू नवा नाही. एक गंमत मात्र नवी असेल. जांभळ्या प्रकाशाची बॅटरी मारली की विंचू हिरवट चमकतो. ती बॅटरी नातवाच्या हातात द्या. रात्री तुमच्या वाटेवरून आधी त्याने फिरवायची, मग तुम्ही जायचं. नऊ वर्षांच्या मुलाला याहून मोठी नोकरी कुणी देणार नाही.

पाण्याचं वेळापत्रक उलटं करा. उठल्यापासून दुपारी तीन-चारपर्यंत थोडं थोडं करत भरपूर, मग कमी, पण बंद नाही. ताक चालेल. मिठाचं पाणी मात्र डॉक्टरांना विचारूनच. आणि त्या आठवड्यात कोजागरी आली आणि तुम्ही गॅसच्या छोट्या शेगडीवर दूध आटवणार असाल, तर संध्याकाळी सहालाच आटवा. चंद्र तोवर उगवतोच, त्याला मध्यरात्रीपर्यंत ताटकळत ठेवायचं कारण नाही.

ओढणी घरी ठेवा. तिकडे चोया नावाचं निवडुंग असतं, लांबून लव आल्यासारखं मऊ दिसतं. नुसता पदर लागला की त्याचं आख्खं पेर तुटून कापडाला लटकतं, आणि हाताने काढायला जावं तर हाताला चिकटतं. खिशात फणी ठेवा. फणीचे दात पेराखाली घालून झटका दिला की सुटतं. हे नातवाला येत नसेल तर तुम्ही शिकवा, म्हणजे आजीलाही वाळवंटातलं काही कळतं हे त्याला दिसेल.

राहिला त्याचा प्रश्न. ‘मला तुम्ही आवडता रे’ एवढंच म्हणालात तर त्याला पटणार नाही, कारण तुम्ही जाणार नाही आहात हे त्याला दिसतंय. त्याला खरं सांगा. आजीला रात्री शू लागते आणि तिथे जायला भीती वाटते. नऊ वर्षांच्या मुलाला हे जगातलं सगळ्यात समजण्यासारखं कारण आहे, त्यालाही वाटत असेल. तो ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने सांगेल, तेवढी तयारी ठेवा. मग मुलाला वेगळं सांगायचंही राहणार नाही.

आठवडाभर जमणार नसेल तर दोनच रात्री जा. एक दिवस सगुआरो राष्ट्रीय उद्यानात घालवा, सकाळी नऊच्या आत चालणं उरका. ते खांबासारखं निवडुंग उच्चारात ‘सवारो’ होतं. पाऊस पडला की ते पाणी ओढून घेतं आणि त्याच्या खोडाच्या चुण्या पंख्यासारख्या उलगडतात. (त्याला रात्री उठावं लागत नाही, आपलं तसं नाही.) पहिला हात फुटायला त्याला साधारण ५० ते ७० वर्षं लागतात. नातवासोबत एकच हात फुटलेलं झाड शोधा, बहुतेक तुमच्याच वयाचं निघेल. त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढा, आणि निघण्याआधी बाटलीतलं उरलेलं पाणी संपवा.

— तुमची मावशी