टाय रॉड एंड घरी बदलता येतो का? आणि नंतर अलाइनमेंट करावीच लागते का?

घरी जमतं, आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावीच लागते. टाय रॉड एंड म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाशी जोडणारा बाहेरचा सांधा. तुमच्या वॅगनआरला खड्ड्यात पुढून खटखट येते आणि गॅरेजवाला दोन्ही टाय रॉड एंड बदलायला सांगतोय. माझ्या जुन्या अल्टोचे मी स्वतः बदललेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आवाज तिथलाच आहे ना, ते बघा. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट ढिला झाला तरी असाच आवाज येतो. गाडी जमिनीवर, इंजिन बंद. घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही टाय रॉड एंडवर हात ठेवा. गेलेला असेल तर हाताला टकटक लागते. मग गाडी उचलून चाक घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा. १२ आणि ६ ला धरूनही हलत असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगकडे बघा. आतल्या बाजूचा रॅक एंडही तपासा, म्हणजे स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडे सरकणाऱ्या रॅकच्या टोकाचा सांधा. तो गेला असेल तर नुसता बाहेरचा बदलून आवाज थांबणार नाही.

गाडी स्टँडवर टेका. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका, हे कळकळीने सांगतो.

चाक काढलं की आधी लॉक नट (एंडला रॉडवर जखडून ठेवणारा) पाव आटा सैल करा आणि तो जिथे होता तिथे रॉडवर रंगाची खूण करा. मग स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली दुमडलेली तार) काढून एंडच्या बोल्टवरचा नट सैल करा, पण शेवटच्या दोन-तीन आट्यांवर राहू द्या. आता खरी कसोटी, कारण टेपर (बोल्टचा निमुळता भाग) गच्च बसलेला असतो. पहिल्या वेळी मी बोल्टच्या टोकावर हातोडी मारली. टोक पसरलं, नट निघेना, अर्धा दिवस गेला. पुलर (जॉइंट ओढून सोडवणारं अवजार) असेल तर उत्तम. नसेल तर नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) ज्या कानात टेपर बसतो, त्या कानावर बाजूने दणदणीत ठोका. दोन-चार ठोक्यांत तो सुटतो.

जुना एंड फिरवून काढताना फेरे मोजा आणि कागदावर लिहा. नवा तेवढेच फेरे घालून बसवा. नट घट्ट करताना बोल्टच फिरायला लागला, तर खालून छोट्या जॅकने जॉइंट हलका दाबून धरा, टेपर पकडतो. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे फिरवू नका, थोडा पुढे आवळून जुळवा. पिन नवीनच घाला. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे, पण नट सुटून रॉड निखळला तर ते चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही.

फेरे मोजले म्हणजे अलाइनमेंट वाचली असं नाही. दुसऱ्या कंपनीच्या एंडची लांबी किंचित वेगळी असते, आणि एका आट्याच्या फरकानेही टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलून टायर एका कडेने झिजतात. मोजलेले फेरे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत हळू गाडी नेण्यापुरते. तिथे टो जुळवायला ते टाय रॉड फिरवतात, तेव्हा रॅकचा रबरी बेलो (घडीदार आवरण) पिळला जात नाही ना, हे बघा. आणि गाडी रॅम्पवरून उतरवण्याआधी दोन्ही लॉक नट आवळलेत ना, हे स्वतः पाना लावून बघा.