फील्डवर कोण जातं, कोण मागे राहतं

(उच्च शिक्षणाविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना भूशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका या सदरातून उत्तरं देतात.)

प्रश्न : मी यंदाच आमच्या विद्यापीठात भूशास्त्र विभागाची प्रमुख झाले. विभागात समता आणि समावेशनासाठी काय केलं, याचा अहवाल वरून मागवला आहे. संविधान दिन, महिला दिन, एक व्याख्यान, पोस्टर स्पर्धा एवढं लिहिता येईल. पण गेल्या वर्षी काही मुली फील्डला, म्हणजे डोंगरात जाऊन खडक पाहायच्या अभ्यासदौऱ्याला, आल्याच नाहीत आणि एम.एस्सी.ची दोन मुलं मधेच सोडून गेली. अहवालापलीकडे खरंच काय करता येईल?
— विभागप्रमुख, मराठवाडा

उत्तर : कार्यक्रम जरूर करा, पण त्या न आलेल्या मुलींपासून आणि सोडून गेलेल्या मुलांपासून सुरुवात करा. जुनी हजेरीपुस्तकं काढा. फील्डला कोण आलं नाही, प्रोजेक्ट कुणी अर्धवट टाकला, हे एका कागदावर मांडा. तो कागद कुणाला दाखवायचा नाही, फक्त तुमच्यासाठी. विद्यार्थी ठराविक जागीच गळतात असं तुमच्या लक्षात येईल. आपल्या विषयात पहिली जागा म्हणजे फील्डची वर्गणी.

दिवाळीनंतर फील्ड ठरतं, पैसे आठवड्याभरात मागितले जातात आणि महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती अजून जमा झालेली नसते. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो सरांसमोर उभा राहून तसं सांगत नाही. 'घरी कापूस वेचायचाय' म्हणतो, नाहीतर आजारी पडतो. मग 'हा सिन्सिअर नाही' असा शेरा बसतो आणि फील्ड रिपोर्टचे गुणही जातात. म्हणून वर्गणीचे दोन हप्ते करा, दुसरा शिष्यवृत्ती आल्यावर घ्या. मधल्या रकमेसाठी विद्यार्थी विकास मंडळाकडे लेखी मागणी करा आणि तिचा पाठपुरावा करा. ही सोय सगळ्या वर्गाला द्या, म्हणजे कुणाला हात पसरावा लागणार नाही. हातोडा, लेन्स, कंपास विभागाच्या कपाटातून सगळ्यांना सारखेच मिळू देत. आणि शिष्यवृत्तीच्या याद्या प्रवर्गासकट नोटीस बोर्डावर लावायची पद्धत असेल तर ती आजच बंद करा. कार्यालयाच्या खिडकीतून 'फ्रीशिपवाले पुढे या' अशी हाक ऐकली की मला आजही संताप येतो.

आता मुलींबद्दल. फील्डच्या दिवशी कित्येक मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण दिवसभरात लघवीला कुठे जायचं हे त्यांना ठाऊक नसतं. डोंगरावर उन्हात सहा-सात तास पाण्याशिवाय काढायचे, संध्याकाळी डोकं धरून बसायचं आणि वर 'मुलींना फील्ड झेपत नाही' हे ऐकायचं. रूट आखताना आउटक्रॉपबरोबर (पाहायच्या उघड्या खडकांबरोबर) थांबेही आखा. वाटेतल्या झेडपी शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा ग्रामपंचायतीला आधी फोन केला की स्वच्छतागृहाची सोय होते, लोक आनंदाने मदत करतात. जिथे काहीच नाही तिथे छोटा तंबू न्या. प्रथमोपचाराच्या पेटीत सॅनिटरी पॅड ठेवा आणि हे सगळं पहिल्याच दिवशी मुलामुलींसमोर, फील्ड लीडरने, नेहमीच्या आवाजात सांगावं. फील्ड लीडर पुरुष असेल तर त्यानेच सांगावं. 'मॅडम, तुम्ही बघा मुलींचं' असं म्हणून तो विषय बाजूला सारू नये.

गटातल्या कामाकडेही लक्ष द्या. आपल्याकडे दख्खनच्या बेसाल्टचे थर जवळपास आडवे असल्यामुळे कंपास लावायची वेळ दिवसात मोजकीच येते, एखाद्या डाइकवर (भेगेत शिलारस शिरून थिजलेल्या खडकाच्या भिंतीवर) किंवा जॉइंटवर (खडकातल्या भेगेवर). ब्रंटन, म्हणजे आपला कंपास, हातात धरायचा, बुडबुडा मध्यावर आणायचा, सुई थांबली की स्ट्राइक, म्हणजे थर किंवा भिंत कोणत्या दिशेला धावते ते, वाचायचा. हे हाताला बसायला पुन्हा पुन्हा करावं लागतं. पण त्या मोजक्या वेळी कंपास नेहमी एकाच धीट मुलाच्या हातात असतो आणि 'तुझं अक्षर छान आहे' म्हणून वही मुलीकडे. दोन वर्षांनी तो कंपनीच्या मुलाखतीत डिप-स्ट्राइक (थराचा उतार आणि दिशा) सहज घेऊन दाखवतो, ती अडखळते. प्रत्येक थांब्यावर कामं बदला. कोणत्या थांब्यावर कोण काय करणार, हे निघण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवा.

एखादीच्या घरून परवानगी नसेल तर तुम्ही स्वतः तिच्या आईशी बोला. राहायचं कुठे, बरोबर कोण, परत कधी, एवढं स्पष्ट कळलं की बरेचदा नकार मावळतो. त्यांना सांगा, 1983 साली अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी सुदीप्ता सेनगुप्ता आपल्याच विषयातल्या, भूशास्त्रज्ञ होत्या, आणि दुसऱ्या अदिती पंत आपल्या नागपूरच्या. हेही सांगा की भूमिगत खाणीत स्त्रियांना काम करायला कायद्याने बंदी होती. 2019 मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी ती उठली. आज शिकणाऱ्या मुलींसमोर जे दार उघडलं आहे, ते त्यांच्या आधीच्या कित्येक पिढ्यांसाठी बंदच होतं. अशा वेळी वर्गणी नाही किंवा स्वच्छतागृह नाही म्हणून मुलगी मागे राहिली, तर तो दोष विभागाचा.

तोंडी परीक्षेबद्दल थोडक्यात : दोन परीक्षक, गुणांचे निकष आधी लिहिलेले, आणि आडनाव, गाव, वडील काय करतात, हे प्रश्न पूर्ण बंद.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातला. घरी पावरी बोलतो, शाळा आश्रमशाळेत मराठीतून झाली. एम.एस्सी.त सगळं इंग्रजीत. सेमिनारला उभा राहिलो की शब्द सुचत नाहीत. एका सरांनी वर्गात 'कोट्यातून आलं की असंच होतं' म्हटलं. प्रोजेक्टसाठी गाइडही मिळत नाहीये. सोडून द्यावं का?
— एक विद्यार्थी

उत्तर : सोडू नकोस. सर जे बोलले ते चूक तर आहेच, नियमाविरुद्धही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 साली समतेसंबंधी जे नियम केले, त्यात वर्गात विद्यार्थ्याची जात-जमात जाहीर करणं, त्याला 'राखीव' म्हणून संबोधणं, प्रयोगशाळेत मुद्दाम रिकामं बसवून ठेवणं, हे सगळं भेदभाव म्हणून नोंदवलं आहे. समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायलाही त्यात सांगितलं आहे. घडलं त्याची तारीख, वेळ आणि सरांचे शब्द आजच वहीत लिहून ठेव. समोर कोण कोण होतं तेही लिही. एकट्याने जाऊ नकोस, एखादा मित्र किंवा विश्वासाचे शिक्षक सोबत घे, अर्ज लेखी दे आणि पोच घे. गाइड वाटपासाठी विभागप्रमुखांकडे अर्ज कर. ज्याची ओळख जास्त त्याला गाइड आधी, ही पद्धत मोडायचं काम त्यांचं आहे, तुझं नाही.

आणि प्रोजेक्ट तुझ्याच भागावर माग. नंदुरबार-धुळे पट्ट्यात डाइकची एवढी गर्दी आहे की देशोदेशीचे अभ्यासक तिथे येतात. मैलोन्मैल सरळ गेलेल्या त्या काळ्या भिंती तू लहानपणापासून पाहिल्या आहेस. कुठली भिंत कुठे तुटते, पावसाळ्यानंतर पाणी कुठल्या अंगाला टिकतं, हे तुझ्या घरच्यांना माहीत असेल. त्यांना विचार, नकाशावर मांड. सेमिनार आधी मराठीत, एका मित्रापुढे पूर्ण बोल आणि मग इंग्रजीत मांड. तांत्रिक शब्द तसेही इंग्रजीच असतात, ते तुला येतात. अडतं ते दोन शब्दांमधल्या वाक्यापाशी, आणि ते सरावाने जमतं. तुझ्या शिक्षकांना माझी विनंती : सेमिनारच्या गुणांतले भाषेचे गुण वेगळे आणि कमी ठेवा, मुलाला भूशास्त्र किती कळलं ते आधी पाहा.

प्रश्न : माझी मुलगी अपघातानंतर कुबड्या घेऊन चालते. तिला भूशास्त्रच शिकायचं आहे. विभागात चौकशी केली तर 'फील्ड कसं करणार?' म्हणून दुसरा विषय घ्यायला सुचवलं.
— एक पालक, सातारा

उत्तर : तिला भूशास्त्रच घेऊ द्या. दिव्यांग हक्क कायदा 2016 प्रमाणे शासकीय आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांमध्ये लाक्षणिक दिव्यांगत्व, म्हणजे किमान 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव असतात. त्यामुळे आधी प्रमाणपत्राचं काम उरका. खडकांच्या पातळ चकत्या मायक्रोस्कोपखाली वाचणं, ड्रिलिंगचे कोअर (जमिनीत भोक पाडून काढलेले खडकाचे दंडगोल) तपासणं, उपग्रह प्रतिमांवरून नकाशे करणं, हे सगळं भूशास्त्रच आहे आणि त्यावर आयुष्यभराची कारकीर्द उभी राहते. मायक्रोस्कोपची लॅब वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर लॅब खाली आणायला सांगा. टेबलं हलवता येतात.

फील्डही तिला करता येईल. बेसाल्टचे थर एकावर एक कसे रचले गेले हे आपल्याकडे सगळ्यात छान दिसतं ते घाटरस्त्यांच्या कडेला, जिथे डोंगर कापून रस्ता नेलाय. तिथे गाडी थेट खडकापाशी जाते. मात्र विभागाने तिला परस्पर 'फील्डची सूट' देऊन घरी बसवू नये. किती चालवेल, कुठे आधार लागेल, काय करून पाहायचंय, हे आधी तिलाच विचारावं आणि मग सगळ्या वर्गाचा रूट ठरवावा. या उत्तराचा हा कागद प्रवेशाच्या वेळी विभागप्रमुखांना दाखवा.