‘बार्शी रोड’मधला ‘रोड’

एका वाचकाने विचारले आहे की, आजोबांच्या जुन्या पत्रांत ‘बार्शी रोडला उतरलो’ असे वारंवार येते, तर हा रस्ता नेमका कोणता आणि त्यावर कोणी उतरेल कसे?

‘बार्शी रोड’ हा रस्ता नसून कुर्डुवाडी स्थानकाचे वापरातून गेलेले नाव आहे. रेल्वेच्या भाषेत गावाच्या नावापुढचा ‘रोड’ म्हणजे त्या गावाला जाण्यासाठी जिथे उतरून पुढची वाट धरायची ते ठिकाण. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सोलापूरकडे जाणारा मार्ग 1859 मध्ये येथवर पोहोचला, तेव्हा बार्शीची मोठी बाजारपेठ सुमारे 35 किलोमीटर बाजूला राहिली आणि ती वाट बैलगाडीनेच काटावी लागे. म्हणून स्थानकाला जवळच्या वाडीचे नव्हे, तर जिथे जायचे त्या गावाचे नाव मिळाले. अक्कलकोट रोड, गाणगापूर रोड, सावंतवाडी रोड ही नावे याच घडणीची आहेत. नाशिक रोड तर पुढे वस्तीचेच नाव झाले.

बार्शी रोडचे मात्र उलट झाले. ब्रिटिश रेल्वे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची, दोन रुळांत 2 फूट 6 इंच अंतर असलेल्या अरुंद मार्गावरची गाडी 1897 मध्ये थेट बार्शीपर्यंत जाऊ लागली. (येथे ‘लाइट’ म्हणजे दिवा नव्हे; हलक्या रुळांची, हलक्या बांधणीची रेल्वे.) बार्शीचे नाव असलेली स्थानके आता दोन झाल्यामुळे गावातले स्थानक ‘बार्शी टाऊन’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे हे रूळ 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचले. पंढरपूर आणि मिरजेच्या प्रवाशाला बार्शीच्या वाटेशी काही कर्तव्य नव्हते. ‘रोड’चा अर्थ विरत गेला आणि पाटीवर शेवटी कुर्डुवाडी हेच नाव राहिले.

लातूरपर्यंतचा अरुंद मार्ग 2008 पर्यंत ब्रॉडगेज झाला, तरी ‘बार्शी टाऊन’ हे नाव टिकून आहे. ‘टाऊन’ कशापासून वेगळे दाखवायचे, हे सांगणारा ‘रोड’ गेला असला तरी ते नाव बदलू नये असे मला मनापासून वाटते.

पत्रे छापताना ‘बार्शी मार्ग’ असे भाषांतर करू नये. मूळ शब्द तसाच ठेवून शेजारी ‘आजचे कुर्डुवाडी’ एवढे लिहावे.